गरम पाण्याचा नकाशा

'काहून गं सूनबाई, पाणी थंडच येऊन राहिलं!' नव्या घरातल्या पहिल्याच हिवाळ्यात सासूबाईंची ही रोजची हाक. गच्चीवर सोलर होता, नळही उंची होते. पण सासूबाईंची न्हाणी तळमजल्यावर, पार मागच्या टोकाला. पाइपात रात्रभर थांबलेलं चार-पाच लिटर पाणी वाहून गेल्यावर कुठे कोमट धार लागायची.

मैत्रिणींनो, घर बांधताना फरशीच्या रंगावर आम्ही दोन महिने वाद घातला. गरम पाण्याचा विचार मात्र प्लंबरवर सोडला. नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे, पण डिसेंबर 2018 मध्ये इथला पारा 3.5 अंशांवर उतरला होता, हे आपण विसरतो.

माझी भाची लंडनला असते. तिकडे एकाच बॉयलरचं गरम पाणी घरभर फिरून खोल्या उबदार ठेवतं आणि प्रत्येक भागाची ऊब वेगळी कमी-जास्त करता येते. आपल्याला खोल्या तापवायच्या नाहीत, पण घराचे भाग पाडण्याची युक्ती घेण्यासारखी आहे.

आम्ही तेच केलं. वरच्या दोन्ही न्हाण्या गच्चीच्या लगेच खाली, त्या सोलरवर. सासूबाईंची न्हाणी आणि स्वयंपाकघर यांची भिंत एकच, तिथे पंधरा लिटरचा गिझर. एका वेळी पाऊण युनिट वीज लागते, वीसेक मिनिटांत पाणी तापतं. दोन्ही भागांना वेगळा व्हॉल्व्ह, म्हणजे दुरुस्तीला अख्खं घर कोरडं पडत नाही.

काही गोष्टी आधीच विचारून घ्या. शंभर लिटरचा सोलर साधारण तीन-चार माणसांना पुरतो. त्याचं तोंड दक्षिणेला हवं आणि थंड पाण्याची टाकी त्याच्याहून उंचावर. गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप चालत नाही, सीपीव्हीसी घ्या आणि उघड्या पाइपाला उष्णतारोधक वेष्टण करा. बोअरचं पाणी जड असेल तर क्षार साचतात, तेही दुकानदाराला आधीच सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या महिला मंडळातल्या एका मैत्रिणीची लेक बंद न्हाणीत बेशुद्ध सापडली. गॅस गिझर आतच बसवलेला, खिडकी घट्ट लावलेली. दार तोडलं म्हणून पोर वाचली. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. माणसाला ओरडायलाही सवड मिळत नाही. गॅस गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेतच बसवा. आत असेल तर आजच हलवा.

आपल्या आजीचा तांब्याचा बंब अंगणात असायचा. धूर बाहेर आणि पाणी आत, एवढं शहाणपण तिला होतं. घराचा नकाशा हातात येईल तेव्हा आपणही पेन्सिल घेऊन बसू या. यंदा सासूबाईंची हाक ऐकू येत नाही, भूपाळी ऐकू येते!