आम्लपित्त : गोळी कीं शस्त्रक्रिया ?

जेवणानंतर छातींत जळजळणें, आंबट ढेकर येणें, रात्रीं अंथरुणाला पाठ टेकतांच घशाशीं कडू-आंबट पाणी येणें, या तक्रारी शहरांतील घराघरांतून इतक्या परिचयाच्या झाल्या आहेत कीं, त्यांना रोग असें कोणी म्हणतच नाहीं. ‘पित्त झालें’ एवढें म्हणून थंड दूध किंवा चिमूटभर खाण्याचा सोडा घेतला कीं त्या दिवसापुरता प्रश्न मिटतो. परंतु कांहींच्या मागें हा त्रास दहा-पंधरा वर्षें लागतो. गोळी चुकली कीं रात्र बसून काढावी लागते. मग केव्हां तरी कानांवर येतें कीं, या विकारावर शस्त्रक्रियाहि आहे. आणि घरांत वाद सुरू होतो. रोगी म्हणतो, ‘एकदांची कटकट जाऊं द्या.’ घरचीं माणसें म्हणतात, ‘गोळीवर भागतें आहे, तर पोटाला सुरी कशाला लावावी?’ या वादाचा निर्णय कोणत्या आधारावर करावा, हें समजून घेण्यासारखें आहे.

अन्ननलिका जठराला मिळते तेथें स्नायूंचें एक वळें आहे. घास खालीं उतरतांना तें सैल होतें व लागलीच मिटतें. छाती व पोट यांमधील स्नायूंचा पडदा त्याला बाहेरून आवळून धरतो. जठराचें अस्तर तीव्र आम्ल सोसण्याजोगें असतें. अन्ननलिकेचें तसें नसतें. वळें भलत्या वेळीं सैल पडूं लागलें, किंवा पडद्याच्या छिद्रांतून जठराचा वरचा भाग छातींत सरकला, कीं आम्ल उलट वर चढतें. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल इत्यादि गोळ्या आम्लाची उत्पत्ति पुष्कळशी थांबवितात. सैल पडलेलें द्वार मात्र त्या दुरुस्त करीत नाहींत. तें काम शस्त्रक्रिया करते.

या शस्त्रक्रियेचा जनक रुडॉल्फ निसेन हा जर्मन शस्त्रवैद्य. हिटलरच्या राजवटीमुळें १९३३ सालीं मायदेश सोडून तो इस्तंबूलला गेला. तेथें एका रोग्याच्या अन्ननलिकेचा खालचा भाग काढून ती जठराला जोडतांना, टांके सुरक्षित राहावेत म्हणून त्यानें जठराची घडी भोंवतीं घेतली. पुढें कित्येक वर्षें त्या रोग्याला जळजळीचा उपद्रव झाला नाहीं, असें त्याला आढळलें. त्या अनुभवावरून १९५५ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथें त्यानें मुद्दाम याच विकारासाठीं जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या शेवटाभोंवतीं उपरण्यासारखा गुंडाळून शिवला. १९९१ पासून हीच क्रिया पोट न चिरतां, लहान छिद्रांतून दुर्बीण घालून होऊं लागली.

आतां मुख्य प्रश्न. ‘औषधानें गुण येत नाहीं, म्हणून शस्त्रक्रिया,’ असें सामान्यतः समजलें जातें. हा विचार वरवर सरळ दिसतो. पण पुष्कळदां तो उलटा ठरतो. अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेला व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतींत डोळे उघडणारा आहे. गोळ्या घेऊनहि जळजळ थांबत नाहीं, असे ३६६ रोगी त्यासाठीं आले. त्यांना प्रथम ओमेप्राझोल दिवसांतून दोनदां, जेवणापूर्वीं, नियमानें दोन आठवडे देण्यांत आलें. एवढ्यानेंच ४२ जण सुधारले. राहिलेल्यांच्या तपासणींत २३ जणांना अन्ननलिकेचा दुसराच विकार निघाला. आणि ९९ जणांच्या जळजळीचा आम्लाशीं संबंधच नव्हता, त्यांची संवेदनाच वाजवीपेक्षां तीक्ष्ण झालेली होती. आणखी कांहीं जण इतर कारणांनीं गळाले, आणि शेवटीं ७८ उरले. या निवडक रोग्यांत मात्र शस्त्रक्रियेनें शेंकडा ६७ जणांना चांगला गुण आला. वाढीव औषधें घेणाऱ्यांत तें प्रमाण शेंकडा २८ होतें.

तात्पर्य हें कीं, आम्ल खरोखरच वर येतें आहे हें सिद्ध झाल्याशिवाय सुरीला हात लावूं नये. गोळीनें ज्याला उतार पडतो त्याचा रोग आम्लाचाच असण्याचा संभव अधिक. म्हणून शस्त्रक्रियेचा लाभहि त्यालाच होण्याचा संभव अधिक. गोळीनें ज्याला मुळींच फरक पडत नाहीं, त्यानें प्रथम निदानच पुन्हां तपासून घ्यावें.

त्यासाठीं तीन तपासण्या आहेत. दुर्बिणीनें अन्ननलिकेंतील व्रण दिसतात. नाकावाटे बारीक नळी ठेवून चोवीस तास आम्लाची नोंद घेतां येते. या काळांत शेंकडा ६ हून अधिक वेळ, म्हणजे दिवसाकांठीं सुमारें दीड तास, अन्ननलिका आम्लांत राहिली तर रोग निश्चित समजतात. शेंकडा ४ हून कमी म्हणजे तासाभराच्या आंत असेल तर तें सामान्यच मानतात. तिसऱ्या तपासणींत अन्ननलिकेच्या आकुंचनाचें बळ मोजतात. तें फार क्षीण असेल, किंवा वळें उघडतच नसेल, तर घट्ट गुंडाळी घातल्यावर घास अडकून राहील.

निदान पक्कें झालें तरी निवड उरतेच. गोळ्यांनीं गुण येणाऱ्या रोग्यांवर युरोपांतील ११ देशांत झालेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष २०११ सालीं प्रसिद्ध झाला. पांच वर्षांअखेर औषध घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ९२ व शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं शेंकडा ८५ जणांचा विकार आटोक्यांत होता. आंबट पाणी वर येण्याची तक्रार औषधवाल्यांत शेंकडा १३, तर शस्त्रक्रियावाल्यांत अवघी २ राहिली. उलट, पोट फुगण्याची तक्रार अनुक्रमें २८ व ४०, आणि गिळण्याच्या त्रासाची ५ व ११. ढेकर किंवा उलटी नीट न होणें, हीहि या शस्त्रक्रियेची किंमत आहे. शिवाय ती कायमचीच टिकते असें नाहीं. स्वीडनमधील २,६५५ रोग्यांच्या २०१७ च्या पाहणींत शेंकडा १७·७ जणांचा विकार परतला, आणि त्यांपैकीं बहुतेकांना पुन्हां गोळ्याच सुरू कराव्या लागल्या.

गोळ्यांची निव्वळ भीति हें शस्त्रक्रियेचें पुरेसें कारण नव्हे. सतरा हजारांहून अधिक लोकांना सुमारें तीन वर्षें पँटोप्राझोल किंवा नकली गोळी देऊन केलेल्या, २०१९ च्या प्रयोगांत आंतड्याच्या संसर्गांत थोडी वाढ सोडल्यास ठळक अपाय आढळला नाहीं. ज्याची रात्र एका गोळीनें सुखाची जाते, रात्रीचें जेवण निजण्याआधीं तीन तास उरकून, वजन उतरवून व खाटेची उशाकडची बाजू उंच करून ज्याचें भागतें, त्यानें सुरीच्या वाटेस जाऊं नये. गोळी घेऊनहि ज्याच्या तोंडांत पाणी येतें, ज्याला गोळ्या सोसत नाहींत, किंवा ज्याच्या जठराचा मोठा भाग छातींत सरकला आहे, त्यानें अनुभवी शस्त्रवैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा. आणि आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या, त्यांपैकीं किती पुन्हां कराव्या लागल्या, हें त्यांना निःसंकोच विचारावें.

घास अडकणें, वजन आपोआप घटणें, रक्ताची उलटी किंवा काळा शौच होणें, यांना मात्र पित्त समजून घरीं बसूं नये. तसेंच चालतांना छातींत दाटून येऊन घाम सुटला, तर सोडा न शोधतां प्रथम हृदयाची तपासणी करवावी.

घरांतल्या वादांत म्हणून दोन्ही पक्षांनीं थोडें थांबावें. रोग्यानें सुरीची घाई करूं नये, घरच्यांनीं सुरीचा बाऊ करूं नये. आधीं मोजमाप व्हावें; निर्णय त्यानंतरचा.