भिंतीवरची अर्धी ओळ

यवतमाळच्या आमच्या घरात दारावर प्लास्टरची एक पाटी होती. वीतभर लांब, हस्तिदंती रंगाची, कडेनं द्राक्षाची वेल, आणि मधोमध सोनेरी उठावाच्या इंग्रजी अक्षरांत एका जुन्या उपासनागीताची ओळ. तीही अर्धीच, पाटीवर मावेल तेवढी. आजीला इंग्रजी येत नव्हतं. पण त्या पाटीखालून जाताना ती त्याच चालीवरचं मराठी गीत गुणगुणायची आणि भिंतीवर नसलेलं सगळं तिच्या तोंडून पुरं व्हायचं. अशा पाट्या मी जमवतो त्या यामुळेच.

आपल्या शेजारपाजारच्या घरांत भिंतीवर देवादिकांची कॅलेंडरं असतात, कॅथलिक घरात येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर. प्रोटेस्टंट घरात मात्र शब्द टांगतात. आम्ही त्यांना सरळ ‘वचन’ म्हणतो, मग ओळ बायबलातली असो की गीतातली. यवतमाळात हे शब्द आले ते मुख्यतः फ्री मेथडिस्ट मिशनबरोबर. अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे दांपत्य 1881 मध्ये हिंदुस्थानात आलं. आधी बऱ्हाणपूर, आणि पुढे मिशनचं काम वऱ्हाडात यवतमाळला स्थिरावलं. उमरीला दवाखाना झाला. 1953 मध्ये यवतमाळातच युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि देशभरातून मुलं इथं शिकायला येऊ लागली. 1983 मध्ये ती पुण्याला बिबवेवाडीत गेली.

या मंडळीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. 1860 साली अमेरिकेत स्थापन झालेल्या या चर्चमध्ये उपासनेत वाद्य वाजवायला मनाई होती. 1943 मध्ये कुठे पियानो किंवा ऑर्गनला वाट मोकळी झाली. तोवर गाणं म्हणजे नुसता गळा आणि शब्द. ज्यांनी शब्दावर इतकी भिस्त ठेवली, त्यांच्या घरात तो भिंतीवरही चढावा हे मला अगदी स्वाभाविक वाटतं. त्यांचं मुख्यालय 1935 पासून इंडियानातल्या विनोना लेक या छोट्या गावी होतं. जॉर्ज बेनर्डचं 1913 मधलं ‘द ओल्ड रगेड क्रॉस’ गाऊन गाजवणारे होमर रोडहीव्हर याच गावचे रहिवासी. पाट्यांवर हे गीत वरचेवर भेटतं.

पाट्यांचा हा सोस त्याहून जुना आहे. 1870 च्या दशकात अमेरिकेत बारीक भोकांचा पुठ्ठा विकत मिळे. त्यावर अक्षरं आखलेली असत आणि घरच्या बायका रंगीत लोकरीनं ती भरत. टॉपलेडीचं अठराव्या शतकातलं ‘रॉक ऑफ एजेस’ अशा पुठ्ठ्यांवर सापडतं. मग साच्यातल्या प्लास्टरच्या पाट्या आल्या. लाकडावर छापील चित्र चिकटवून वर वॉर्निश मारलेल्या आल्या, अंधारात चमकणाऱ्या रंगाच्याही आल्या.

जुनी पाटी हाती आली की आधी उलटी करावी. प्लास्टरच्या पाटीच्या पाठीवर ओतताना राहिलेले बुडबुड्यांचे खळगे दिसतात, टांगायचं भोक किंवा आत रुतवलेली तार दिसते. कोपऱ्याचा टवका उडालेला असेल तर आतून खडूसारखा पांढरा भुगा निघतो. लाकडी पाटीचं वॉर्निश वयानं पिवळं पडतं आणि अक्षरांवर मधाची छटा येते. पाणी मात्र लावू नये. आजीची पाटी मी ओल्या फडक्यानं पुसली आणि सोनेरी रंग फडक्यावर आला. ती हळहळ आजही गेलेली नाही. कोरडा मऊ ब्रश पुरतो. पावसाळ्यात ओलीच्या भिंतीपासून जपावं, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर तर ठेवूच नये.

पण माझा जीव खरा अडकलाय तो दसुतीवर भरलेल्या मराठी फ्रेमांत. फुलीचा टाका चौकटीवर चालतो, त्या भोकांच्या पुठ्ठ्यासारखाच. पण इथं देवनागरी भरायची. शिरोरेषा सरळ निघते, काना सरळ निघतो. हात अडतो तो ‘ळ’ च्या दोन गोलांशी आणि रफाराशी. एका फ्रेममध्ये बाईनं ‘ळ’ तीनदा उसवून भरलाय. उलट बाजूला ती भोकं अजून दिसतात.

माझ्याकडच्या दसुतीच्या फ्रेमांत नारायण वामन टिळकांच्या ओळी जास्त आहेत. टिळकांना नवा करार मिळाला तो 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत, एका गोऱ्या सहप्रवाशाकडून. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या आधी हेन्री बॅलेंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतं मराठीत आणली होती. चाल परकी असल्यानं तिथं शब्दांना बरीच ओढाताण सोसावी लागे. टिळकांनी अभंग आणि ओवी हाती घेतली आणि ख्रिस्ती भजन जात्यावरच्या बाईच्याही ओठी बसेल असं केलं. दसुतीवर त्यांची ओळ कापावी लागत नाही. चरण आखूड, कापडात पुरा मावतो.

गेल्या हिवाळ्यात दारव्ह्याकडच्या एका घरी गेलो होतो. म्हातारी एकटीच. भिंतीवर लाकडी पाटी, वॉर्निश पार तडकलेलं. त्यांनी ती स्वतः काढून माझ्या हातात दिली. भिंतीवर तेवढाच चौकोन निळ्या चुन्याचा ताजा राहिला होता. मी विचारलं, ‘‘आजी, यावरचं गीत येतं का?’’ त्यांनी डोळे मिटले आणि गायला लागल्या. पहिलं कडवं, दुसरं, मग तिसरं. माझ्याकडच्या कुठल्याच गीतसंग्रहात ते तिसरं नव्हतं. मी वहीत उतरवून घेतलं, दोनदा म्हणवून घेतलं.

डोळे उघडल्यावर त्या बराच वेळ त्या निळ्या चौकोनाकडं पाहत राहिल्या.

‘‘टांगून दे बाबू जागेवर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मले तिकडं पाह्याची सवय हाय.’’

स्टुलावर चढून मी खिळा हातोडीनं जरा ठोकून घेतला आणि पाटी टांगली. थोडी डावीकडं कलली होती. त्यांनी खालून हातानं खुणावलं, तशी सरळ केली.