डब्यातली भाजणी आणि पाच वर्षांचा मेंदू

सकाळी डोळे चोळत उठलेलं पाच वर्षांचं पोर दिसायला किती शांत असतं! आत मात्र ऊर्जेचा प्रचंड खर्च चाललेला असतो. त्याचं शरीर दिवसभरात जेवढी ऊर्जा वापरतं, त्यातला सुमारे ४३ टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर कुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हा हिशोब मांडला. मेंदूची भूक सर्वांत तीव्र कधी असते? तान्हेपणी नाही, तारुण्यात नाही; चार-पाच वर्षांच्या आसपास. आणि नेमक्या त्याच वयात अंगाची वाढ मंदावते. मेंदूचं पोट भरावं म्हणून हातपाय जरा थांबतात!

आता रात्रीचा विचार करा. आठला जेवलेलं मूल सकाळी सातला उठतं. मधले अकरा तास मेंदू झोपेतही काम करतच असतो. त्याला साखर पुरवतं यकृत, आपल्या साठ्यातून थोडी थोडी काढून. मोठ्या माणसाचं यकृत मोठं, साठाही मोठा. मुलाचं यकृत चिमुकलं, पण मेंदू मात्र जवळजवळ मोठ्या माणसाएवढा. म्हणजे सकाळपर्यंत साठा बराच खाली आलेला असतो. अशा वेळी चहात बुडवलेली दोन बिस्किटं दिली तर साखर झटकन रक्तात येते आणि मधल्या सुट्टीच्या आत ओसरते. हवं असं काही, जे सावकाश पचेल, पुरेल, आणि मुख्य म्हणजे मूल आपणहून मागेल.

फडताळातला भाजणीचा डबा काढा. झाकण उघडताच जो खमंग वास येतो, तिथूनच नवल सुरू होतं.

भाजणीत काय असतं? ज्वारी, बाजरी, तांदूळ, थोडे गहू, हरभरा डाळ, उडीद, मूठभर धने, जिरे. घरागणिक प्रमाण बदलतं, पण धान्याला डाळीची जोड सुटत नाही. का? आपलं शरीर प्रथिनं बांधतं ती वीस अमिनो आम्लांपासून. त्यातली नऊ शरीराला स्वतःला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. शाळेच्या फलकावर चिकटवायच्या अक्षरांची पेटी डोळ्यांसमोर आणा. बाकी सगळी अक्षरं ढीगभर आहेत, पण ‘ळ’ तीनच. मग ‘शाळा’ हा शब्द तीनदाच लिहिता येणार, उरलेला ढीग त्या शब्दासाठी वाया. ज्वारी-बाजरीत हा तुटपुंजा ‘ळ’ म्हणजे लायसीन. डाळींमध्ये लायसीन भरपूर, पण मेथिओनिन कमी. आणि मेथिओनिन कशात चांगलं? धान्यात! दोघांची उणीव एकमेकांकडून भरून निघते. मेथिओनिनचा शोध लागला १९२० च्या दशकात. ज्वारी-डाळ एकत्र दळणाऱ्या बायकांनी ही जोडी जमवली होती ती चवीच्या आणि पोटाच्या अनुभवावर.

पण मग नुसतं दळून का आणत नाहीत? आधी भाजायचं कशाला? मला सगळ्यात जास्त थक्क करणारा भाग हाच आहे.

बाजरीचं पीठ घरात असेल तर तुम्हाला माहीत आहे, ते फार दिवस राहत नाही. आठवडा उलटला की कडवट लागायला लागतं. बाजरीत स्निग्धांश चांगला असतो, शेकडा पाचच्या आसपास. त्याच दाण्यात लायपेज नावाचं विकरही असतं. दाणा अख्खा असतो तोवर दोघं आपापल्या कप्प्यात असतात. जात्यात किंवा गिरणीत दाणा फुटला की त्यांची गाठ पडते, लायपेज तेलाचे तुकडे पाडू लागतं आणि पीठ खवट होतं. कढईतली उष्णता या लायपेजला कायमचं निकामी करते. म्हणून बाजरीचं कच्चं पीठ थोडे दिवसच टिकतं, तर तीच बाजरी असलेली भाजणी महिना-दोन महिने डब्यात छान राहते. सकाळच्या घाईत हाताशी तयार पीठ असतं, ते या एका भाजण्यामुळे.

दुसरी गोष्ट वासाची. फ्रेंच वैद्यक-रसायनतज्ज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये दाखवलं की साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापवली की त्यांच्यात अभिक्रिया होऊन तपकिरी रंग येतो. कॉफी, पावाची वरची साल, भाजलेले शेंगदाणे, सगळ्यांचा खमंगपणा या अभिक्रियेतून जन्मतो. पण इथे एक गंमतशीर धोका दडलाय. या अभिक्रियेत सर्वांत आधी खर्ची पडणारं अमिनो आम्ल कोणतं? लायसीन! ज्याच्यासाठी डाळ घातली, तेच. भाजणी करपवली तर वास जातोच, पोषणही जातं. ‘मंद आचेवर, एकेक जिन्नस वेगळा, रंग बदलेपर्यंतच’ ही घरोघरची सूचना म्हणूनच इतकी मोलाची. बाजरीचा दाणा बारीक, हरभऱ्याची डाळ जाड. एकाच कढईत टाकलं तर डाळ भाजली जाईपर्यंत बाजरी काळी पडेल. वेगवेगळं भाजण्याचे कष्ट सोडू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता थालीपीठासाठी तव्याकडे या. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे हे पीठ पोळीसारखं लाटता येत नाही, लाटणं फिरवलं की कडा फाटतात. उडदाचा चिकटपणा ते धरून ठेवतो. कांदा, कोथिंबीर, तीळ, तिखट-मीठ घालून भिजवलेला गोळा ओल्या फडक्यावर थापायचा, आणि बोटाने मधोमध एक भोक, भोवती चार.

ही भोकं कशाला? पिठात पाणी आहे तोवर त्याचं तापमान शंभर अंशांच्या फारसं वर चढत नाही, आणि मायार यांची अभिक्रिया जोरात चालते ती १४० अंशांच्या आसपास. म्हणजे जिथलं पाणी आधी उडेल, तिथेच आधी खमंग कुरकुरीतपणा येणार. पाणी सर्वांत आधी उडतं कडेला. एरवी थालीपीठाला कड एकच, बाहेरची. पाच भोकं पाडली की आणखी पाच कडा मिळाल्या! प्रत्येक भोकात चमचा टेकवून सोडलेलं तेल थेट तव्यापर्यंत पोचतं, वाफ वर येते, आणि झाकणाखाली मधला भाग मऊ शिजत असताना भोकांची गोल किनार चुरचुरत लालसर होते. एकाच घासात मऊ आणि कुरकुरीत.

मुलांना हा कुरकुरीतपणा एवढा का आवडतो? ऑक्सफर्डमध्ये मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी लोकांना बटाट्याचे वेफर्स खायला दिले आणि चावण्याचा आवाज हेडफोनमधून बदलून ऐकवला. आवाज वाढवला की तोच वेफर जास्त कुरकुरीत आणि ताजा वाटू लागला! आपण कानांनीही खातो. म्हणून मुलांसाठी थालीपीठं पुरीएवढी लहान करावीत: कडा जास्त, आवाज जास्त. आणि भोकं त्यांच्याच बोटांनी पाडून घ्यावीत. आपल्या बोटाचं भोक असलेलं थालीपीठ कुठलंही मूल ओळखून मागून घेतं.

लोण्याचा गोळा आणि वाटीभर दही सोबत हवंच. दह्यात पुन्हा लायसीन आणि कॅल्शियम, तर लोण्याच्या स्निग्धतेने पोट सावकाश रिकामं होतं. चहा मात्र या पानावर नको. बाजरीतलं लोह आधीच फायटेट नावाच्या घटकाच्या विळख्यात असतं, चहातली टॅनिन्स ते आणखी अडवतात. याउलट लिंबाची फोड वरून पिळली की त्यातलं क जीवनसत्त्व लोहाला आतड्यातून रक्तात जायला मदत करतं.

बाजरीतल्या लोहाची ताकद आपल्याच मातीत तपासली गेली आहे. महाराष्ट्रातल्या निवासी शाळांमधल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींना दिवसातून दोनदा बाजरीची भाकरी आणि शेव दिली गेली. काहींना साध्या बाजरीची, काहींना जास्त लोह असलेल्या वाणाची. दुसऱ्या गटात चार महिन्यांतच शरीरातला लोहाचा साठा सुधारलेला दिसला. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. इक्रिसॅट ही कृषी संशोधन संस्था आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी घडवलेलं ‘धनशक्ती’ हे वाण त्याच घराण्यातलं. मिळालं तर भाजणीत तीच बाजरी घाला.

आणि मुलाने तोंड फिरवलं तर? फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला यांनी काही गरोदर बायकांना गाजराचा रस नेमाने प्यायला दिला. पुढे त्यांच्या बाळांना उष्टावणाच्या वयात गाजराच्या चवीची पेज दिली तेव्हा ती बाळं साध्या पेजेच्या मानाने गाजराची पेज कमी कुरकुर करत खात होती. गर्भजलातून चव आधीच पोचली होती! म्हणजे आवड ही ओळखीतून वाढते, आणि ओळख जन्मानंतरही करून देता येते. एखादा नवा पदार्थ मूल मनापासून खाऊ लागण्याआधी आठ-दहा वेळा तरी ताटात यावा लागतो. तेव्हा भाजणीत मेथीची पानं चिरून घातली आणि ती पहिल्या दिवशी वेचून बाजूला काढली गेली, तर ओरडू नका, लपवूनही घालू नका. पुढच्या आठवड्यात पुन्हा घाला, थोडी कमी, आणि भोकं पाडायला त्यालाच बोलवा.