रोज दोन अक्षरं आणि समोर ८० कोटी

खांग्शी सम्राटाने करवून घेतलेला चिनी अक्षरकोश १७१६ साली पूर्ण झाला. त्यात ४७,०३५ अक्षरं आहेत. १९९४ साली निघालेल्या 'चोंगह्वा त्झहाय' या कोशात हा आकडा ८५,५६८वर पोचला. चिनी भाषा आणि संस्कृतीची पदवी घ्यायला चीनला निघालेल्या मुलामुलींना आधी हेच आकडे ऐकवले जातात. मला त्याचा राग येतो, कारण यातली बहुसंख्य अक्षरं चिनी प्राध्यापकांच्याही कधी नजरेस पडत नाहीत. चीन सरकारने २०१३ साली जाहीर केलेली प्रमाण अक्षरांची यादी ८,१०५ची आहे आणि तिच्या पहिल्या पायरीवर आहेत फक्त ३,५००.

या ३,५०० अक्षरांचा आवाका बघा. १९८८ साली नेहमीच्या वापरातली अक्षरं ठरवली, तेव्हा ती वीस लाख अक्षरांच्या मजकुरावर पडताळली होती. पहिल्या २,५०० अक्षरांत ९७.९७ टक्के मजकूर बसला, पुढच्या हजारांत जेमतेम दीड टक्का. परदेशी विद्यार्थी जी एचएसके परीक्षा देतात, तिच्या २०२१च्या आराखड्यात सर्वांत वरच्या टप्प्यालाही ३,००० अक्षरं आणि ११,०९२ शब्द पुरतात. पदवीच्या चार वर्षांनी भागलं, तर दिवसाला दोन अक्षरं आणि सात-आठ शब्द.

आता त्या दोन अक्षरांतलं एकच घेऊ. 'आई' या अर्थाच्या अक्षरात डावीकडे स्त्री असते आणि उजवीकडे घोडा. घोड्याचा आईशी काही संबंध नाही; उच्चार 'मा'सारखा आहे एवढंच तो सांगतो. चिनी अक्षरांपैकी बहुतेक अशीच घडलेली आहेत, एक भाग अर्थाचा आणि एक आवाजाचा. हे अक्षर आजच्या सोप्या लिपीत सहा रेघांचं, जुन्या लिपीत तेरा रेघांचं. १९६४च्या यादीने २,२००हून जास्त अक्षरं अशी सोपी केली. पण तैवान, हाँगकाँग आणि चीनचे सगळे जुने ग्रंथ जुन्याच लिपीत आहेत. ज्याला पदवी मनापासून घ्यायची, तो या दोन्ही शिकतो. जुन्या पद्धतीच्या कोशात अक्षर शोधायचं, तर २१४ मूळ घटकांतला नेमका घटक ओळखायचा, मग उरलेल्या रेघा मोजायच्या. एक रेघ चुकली की भलत्याच पानावर.

आवाजाची गोष्ट याच्या नेमकी उलट. इथे इतकं कमी आहे की त्यानेच पंचाईत होते. सूर, म्हणजे उच्चारातले चढउतार, बाजूला ठेवले तर प्रमाण चिनीत साधारण चारशेच वेगवेगळे उच्चार आहेत. चार सूर धरले तरी तेराशेच्या आसपास. हजारो अक्षरं एवढ्याशा उच्चारांत दाटीवाटीने राहतात. भाषाशास्त्रज्ञ चाओ युआनरेन यांनी सिंह खाणाऱ्या एका कवीची गोष्ट लिहिली. नव्वदहून अधिक अक्षरं, आणि सूर सोडले तर प्रत्येकाचा उच्चार एकच. डोळ्यांनी वाचली तर ती पूर्ण गोष्ट आहे. कानांनी ऐकली तर चिनी माणसालाही काही कळत नाही.

पण पदवीच्या नावात भाषेपुढे संस्कृती आहे, आणि खरा डोंगर तिथे आहे. छ्येनलोंग सम्राटाने १७७३ साली जमवायला घेतलेल्या 'सिखू छ्वानशू' या ग्रंथसंग्रहात ३,४००हून अधिक ग्रंथ आहेत, सुमारे ८० कोटी अक्षरं. हे सगळं हाताने लिहिलेलं, तेही सात प्रतींत. लक्ष श्लोकांच्या महाभारतात, श्लोकाला ३२ धरली, तर ३२ लाख अक्षरं होतात. म्हणजे एका प्रतीत अडीचशे महाभारतं! मिनिटाला ३०० अक्षरांच्या वेगाने रोज आठ तास वाचलं, तरी पंधरा वर्षं लागतील. नुसता थांग काळातल्या कवितांचा संग्रह घ्या: ४८,९०० कविता, २,२०० कवी. रोज दहा कविता वाचल्या तर तेरा वर्षं. आणि यातला बराचसा भाग अभिजात चिनीत, जिथे ओळखीची तीन हजार अक्षरंही अनोळखी अर्थाने वागतात.

२०१८ साली चीनमध्ये १९६ देशांचे ४,९२,१८५ परदेशी विद्यार्थी होते. भारतातून गेलेले २३,०००हून अधिक, त्यांतले बहुतेक डॉक्टर व्हायला. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस हेही १९३८ साली गेले ते डॉक्टर म्हणूनच, भाषा शिकायला नव्हे. १९४२च्या डिसेंबरमध्ये ते वारले. चीन-जपान युद्धातल्या त्या चार वर्षांत ते चिनीतून शिकवू लागले होते. आजच्या पदवीलाही तेवढीच वर्षं मिळतात.

चिनी प्रवासी ह्युएनत्संगने सातव्या शतकात महाराष्ट्र पाहिला आणि बारा खंडांच्या आपल्या प्रवासवृत्तात पुलकेशी राजाच्या या मुलखाबद्दल लिहिलं. ते वर्णन आपण आजही बहुधा इंग्रजी भाषांतरांच्या आधाराने वाचतो. म्हणून जे मराठी विद्यार्थी या पदवीला जातील त्यांना एकच विनंती: अभिजात चिनीचा तास अवघड वाटला तरी सोडू नका. ती पानं मुळातून वाचणारी माणसं आपल्याला हवी आहेत.