पंखातील इंधनपिशवी: गळतीपेक्षा सुरकुती घातक

अमेरिकेतील खासगी वैमानिकांच्या आवडत्या ‘सेस्ना १८२’ या विमानाच्या जुन्या नमुन्यांत पेट्रोल पंखाच्या पोकळीत बसवलेल्या रबरी पिशवीत साठवले जाते. या पिशवीला ‘ब्लॅडर’ म्हणतात. काळाच्या ओघात रबर ताठरते, त्याला चिरा पडतात आणि पंखाखालच्या पत्र्यावर निळसर डाग उमटतात. कारण या विमानाच्या पेट्रोलला निळा रंग दिलेला असतो. असा डाग म्हणजे आगीची पूर्वसूचनाच.

नवी पिशवी बसवण्यापूर्वी पोकळीतील धारदार कडा आणि रिव्हेट टेपने झाकावे लागतात. अन्यथा तीही घासून फाटते. मग ऊब देऊन मऊ केलेली पिशवी घडी घालून लहानशा झरोक्यातून आत सरकवतात आणि चाचपडत तिचे एकेक बटण अडकवतात.

खरी कसोटी तळ सपाट बसवण्याची. पेट्रोलहून जड असलेले पाणी तळाशी बसते आणि सुरकुतीमागे अडते. उड्डाणापूर्वी निचऱ्यातून काढलेल्या नमुन्यात ते दिसत नाही. आकाशात मात्र ते इंजिनापर्यंत पोहोचून ते बंद पाडू शकते. म्हणूनच अमेरिकी हवाई वाहतूक प्रशासनाने १९८४ मध्ये या सुरकुत्यांच्या तपासणीचा आदेश काढला.

हे काम परवानाधारक मेकॅनिकच्या देखरेखीखालीच व्हावे लागते. तरीही पेट्रोल भरण्यापूर्वी मालकाने तळावरून स्वतः हात फिरवून पाहावा. गळती डाग दाखवून सावध करते. सुरकुती तशी संधी देत नाही.