पाहुणे गेल्यावर मागे काय बोललं जातं?



पाहुणे निघून गेले आणि दार लागलं की घरातली बाई पहिलं वाक्य काय बोलते, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. एक तर "चांगली होती हो माणसं," नाही तर "सुटले बाई एकदाची!" आज आपण बोलणार आहोत परदेशात फिरायला जाणाऱ्यांबद्दल, आणि ते परत निघाले की तिथली माणसं मागे काय बोलतात त्याबद्दल.

परदेश म्हटलं की आपल्याला वाटतं, विमान, पासपोर्ट, ते आपलं काम नाही. पण नेपाळ हाही परदेशच आहे. पशुपतिनाथाला, मुक्तिनाथाला, लुंबिनीला आपल्याकडून यात्रेच्या बस भरभरून जातात. कुणाची लेक दुबईत असते, कुणाचा भाऊ सिंगापूरला. तेव्हा हा विषय आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेलाच आहे.

जुलै २०१९ मध्ये दोन गोष्टी लागोपाठ मोबाईलवर फिरल्या. त्यातली एक होती इंडोनेशियातल्या बाली बेटावरची. एक भारतीय कुटुंब हॉटेल सोडून निघालं होतं. हॉटेलच्या लोकांनी त्यांच्या बॅगा उघडायला लावल्या, आणि आतून हॉटेलच्याच वस्तू निघू लागल्या. केस वाळवायचं यंत्र, हँगर, साबणाच्या बाटल्या. आधी वादावादी झाली, मग "पैसे देतो, सोडा" असं सुरू झालं. याच्यावर फार बोलायला नको. याला चोरी म्हणतात, ती गावात केली काय नि बालीत केली काय.

दुसरी गोष्ट मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडमधल्या ग्स्टाड गावातल्या एका हॉटेलात लावलेल्या सूचनेचा फोटो बाहेर आला. सूचना होती फक्त भारतातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी. सकाळच्या नाश्त्यातले पदार्थ बाहेर नेऊ नका, दुपारचं हवं असेल तर ३० फ्रँकला डबा मिळेल, वाढायला ठेवलेले चमचेच वापरा, व्हरांड्यात आणि गॅलरीत मोठ्यानं बोलू नका, असं त्यात होतं. खूप आरडाओरडा झाला. मग हॉटेलनं सांगितलं की सूचना जुनी आहे, आता काढली आहे.

आता यात चूक कुणाची? आम्हाला विचाराल तर दोन्हीकडची. शंभरातल्या दहा जणांनी केलेल्या गोष्टीसाठी अख्ख्या देशाचं नाव भिंतीवर लिहिणं बरोबर नाही. सूचना सगळ्यांसाठी लावली असती तर कुणाचं काही गेलं नसतं. पण आपल्याकडची माणसं नाश्त्यातली ब्रेडची वळकटी रुमालात बांधून नेतात, हेही खोटं नाही. त्यामागचं कारणही सांगतो. तिथे जेवण फार महाग. त्या ३० फ्रँकचे तेव्हा दोन हजारांहून जास्त रुपये होत होते. घरात शाकाहारी माणूस असेल तर बाहेर काय मिळेल याचा भरवसा नाही. बरोबर लेकरं असतात. आणि आपल्याला सवय असते शिदोरीची. बाई प्रवासाला निघाली आणि तिच्या पिशवीत दशमी-चटणी नाही, असं आपल्याकडे होत नाही.

तिकडच्या नाश्त्याचा हिशेब मात्र आपल्या पंगतीसारखा असतो. लग्नाच्या पंगतीत कितीही बुंदी वाढून घ्या, यजमान आग्रहच करेल. पण पानावरून उठताना पिशवीत भरायला लागलात तर वाढपी बघतोच ना? आणि तीच बुंदी "घरी म्हातारी आहे, तिच्यासाठी थोडी देता का?" असं विचारून घेतली तर यजमानीण स्वतः डबा भरून देते. सगळा फरक विचारण्यात आहे.

नावं मात्र एकट्या भारतीयांनाच ठेवली जातात असं समजू नका. नेदरलँड्स देशात अ‍ॅमस्टरडॅम हे मोठं शहर आहे. तिथे लग्नाआधीची मौज करायला, दारू-गांजासाठी इंग्लंडमधली तरुण पोरं टोळक्यानं येतात आणि रात्रभर रस्त्यावर धिंगाणा घालतात. २०२३ मध्ये शहरानं जाहिरात काढली, ती १८ ते ३५ वयाच्या इंग्रज पुरुषांसाठी. तिचा अर्थ सरळ होता, यासाठी येणार असाल तर येऊच नका. ज्या इंग्रजांनी जगाला शिस्त शिकवल्याचा तोरा मिरवला, त्यांच्या नातवंडांवर ही वेळ आली.

त्याच वर्षी रोममध्ये एका पर्यटकानं कोलोसियमच्या भिंतीवर किल्लीनं आपलं आणि आपल्या मैत्रिणीचं नाव कोरलं. कोलोसियम म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचं अवाढव्य दगडी प्रेक्षागृह. पकडला गेल्यावर त्यानं रोमच्या महापौरांना माफीचं पत्र लिहिलं, की ही वास्तू इतकी जुनी आहे हे मला माहीत नव्हतं! मग ती पाहायला तरी कशाला गेला होता, कोण जाणे. आपल्या गडकोटांवर बाण मारलेले बदाम कोरणारे त्याचेच भाऊबंद.

चिनी लोकांनी अशा वेळी काय केलं ते सांगण्यासारखं आहे. २०१३ मध्ये इजिप्तमधल्या लक्सरच्या प्राचीन देवळात एका चिनी मुलानं कोरलेलं नाव दुसऱ्या चिनी प्रवाशालाच दिसलं. त्यानं फोटो काढून आपल्या देशातल्या लोकांपुढे ठेवला. लोक इतके चिडले की मुलाच्या आईवडिलांना जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून चीनमध्ये पर्यटनाचा नवा कायदा लागू झाला, आणि सरकारनं परदेशी जाणाऱ्यांसाठी ६४ पानांची पुस्तिका काढली. चारचौघांत नाकात बोट घालू नका, विमानातलं जीवरक्षक जाकीट घरी नेऊ नका, इथपर्यंत सगळं त्यात होतं. हसू येतं खरं, पण कुणीतरी स्पष्ट सांगितलं तर पाहिजेच.

इथपर्यंत झालं वाईट वागण्याचं. आता दुसरी बाजू. पुष्कळदा एकेकटा पाहुणा काहीच वावगं करत नाही, तरी गावाला जगणं नकोसं होतं. इटलीत व्हेनिस नावाचं शहर पाण्यात वसलेलं आहे, रस्त्यांऐवजी कालवे. जुन्या शहरात राहणारी माणसं आता पन्नास हजारांहूनही कमी उरली आहेत. सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणारे पर्यटक मात्र लोंढ्यानं येतात. ते पुलावर दाटीवाटीनं उभे राहतात, कचरा टाकतात, निघून जातात. म्हणून एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी अशा पाहुण्यांकडून पाच युरो प्रवेशपट्टी घ्यायला सुरुवात झाली. त्याआधी २०१९ मध्ये दोन जर्मन पर्यटकांनी तिथल्या प्रसिद्ध रिआल्तो पुलाच्या पायऱ्यांवर छोटा स्टोव्ह पेटवून कॉफी केली होती. दंड झाला ९५० युरो. त्या वेळच्या भावानं सत्तर हजार रुपयांच्या वर! शिवाय दोघांना शहर सोडायला लावलं. यात्रेच्या बसबरोबर आचारी आणि शेगडी घेऊन फिरणाऱ्या आपल्या लोकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. जागा मोकळी दिसली म्हणजे चूल मांडायला परवानगी आहे, असं नसतं.

जपानमध्ये एका गावात रस्त्याकडेच्या दुकानामागे फुजी पर्वत सुंदर दिसतो. त्या फोटोपायी लोक भर रस्त्यात उभे राहू लागले, शेजारच्या दवाखान्याच्या आवारात शिरू लागले. शेवटी २०२४ च्या मे महिन्यात गावानं काळ्या जाळीचा पडदाच लावला. आपलाच डोंगर झाकायची पाळी गावावर आली. काहींनी त्या जाळीलाही भोकं पाडली.

स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात तर २०२४ च्या जुलैत मोर्चेकऱ्यांनी पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. राग होता घरभाड्याचा. घरं पर्यटकांना रोजच्या भाड्यानं दिली की मालकाला जास्त मिळतं, मग तिथल्या माणसाला घर उरत नाही. नोव्हेंबर २०२८ पर्यंत असे दहा हजारांहून जास्त फ्लॅट बंद करायचं महापौरांनी जाहीर केलं आहे. आम्हाला वाटतं, पाणी उडवलं ते चुकीच्या माणसावर. परवाने काही पर्यटकांनी वाटले नव्हते.

मैत्रिणींनो, या सगळ्याचा भार बराचसा बायकांवर पडतो, म्हणून हा विषय आम्ही घेतला.

जपानच्या क्योटो शहरात गिऑन नावाची जुनी वस्ती आहे. तिथे नाचगाण्याची कला शिकणाऱ्या मुली, त्यांना माइको म्हणतात, संध्याकाळी नटूनथटून पायी कामावर निघतात. पंधरा-सोळा ते वीस वर्षांच्या पोरी. पर्यटक मोबाईल घेऊन त्यांच्यामागे पळतात, वाट अडवतात, बाही ओढतात. शेवटी रहिवाशांनी खाजगी गल्ल्यांत पर्यटकांना मनाई केली, दंड दहा हजार येन, म्हणजे साधारण साडेपाच हजार रुपये. कामावर निघालेली पोर काही देखावा नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात आंघोळ करणाऱ्या बायकांवर कॅमेरे रोखलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

बालीत बायका रोज नारळाच्या कोवळ्या झावळीची छोटी तबकं विणतात, त्यात फुलं, चिमूटभर भात, उदबत्ती ठेवतात आणि घरापुढे, दुकानापुढे जमिनीवर मांडतात. ही त्यांची रोजची पूजा. आपल्या दारातल्या रांगोळीसारखंच म्हणा ना. खाली न बघता चालणारे पाहुणे त्याच्यावर पाय देऊन जातात. एकीनं तर २०२२ मध्ये तिथल्या पवित्र वृक्षाला टेकून उघड्या अंगानं फोटो काढला आणि देशाबाहेर घालवली गेली. पुढच्या वर्षी बालीच्या राज्यपालांनी पर्यटकांसाठी काय करावं, काय करू नये याची यादीच काढली.

आणि हॉटेलातल्या खोल्या झाडणाऱ्या बाया? स्पेनमध्ये त्यांनी आपली संघटना बांधली, तिचं नाव 'लास केलीज'. 'ज्या साफ करतात त्या' या त्यांच्या भाषेतल्या शब्दांवरूनच हे नाव केलं आहे. खोलीमागे मिळणारे तुटपुंजे पैसे आणि कामाचा रेटा याविरुद्ध त्या उभ्या राहिल्या. जड गाद्या उचलून, वाकून वाकून त्यांच्या कंबरा जातात.

इथे एक जुनी कादंबरी आठवते. 'द अग्ली अमेरिकन', म्हणजे कुरूप अमेरिकन, ही १९५८ सालची. परदेशात तोऱ्यात वागणाऱ्या अमेरिकन माणसाला तेव्हापासून हेच नाव पडलं. गंमत म्हणजे पुस्तकातला कुरूप माणूस हा खरा भला इंजिनिअर आहे. त्याची बायको एमा एका आशियाई खेड्यात राहते. तिला दिसतं की गावातली म्हातारी माणसं सगळी कंबरेतून वाकलेली. कारण काय, तर खराट्याला दांडाच नाही, लाकूड मिळत नाही म्हणून. एमा उपदेश करत नाही. डोंगरातून लांब दांड्याचा बोरू शोधून आणते, आपल्या अंगणात लावते, त्याचा खराटा करते आणि उभ्यानं झाडू लागते. शेजारणी बघतात, आणि मग विचारतात, हा दांडा मिळाला कुठे?

ही गोष्ट पुस्तकातली. पण स्पेनच्या बॅलिअरिक बेटांवर २०२२ मध्ये खराच कायदा झाला, की हॉटेलांनी वर उचलता येतील असे पलंग बसवावेत, खोली आवरणाऱ्या बाईला वाकायला लागू नये म्हणून.

नेपाळला किंवा कुठेही मुक्काम कराल तेव्हा निघताना ओले टॉवेल गादीवर टाकू नका, न्हाणीत एका जागी ठेवा. कचरा टोपलीत टाका. दाराशी ती बाई भेटली तर तिच्याकडे बघून नमस्कार करा. नेपाळीतही तो शब्द 'नमस्कार'च आहे.