घर-प्लॉटची खरेदी-विक्री आणि आपला स्वतःचा वकील



गळीत हंगाम आटोपला, उसाचे बिल बँकेत जमा झाले, की आपल्या कार्यक्षेत्रातील बऱ्याच घरांत एकच विषय निघतो. मुलांच्या शिक्षणासाठी परभणीला, नाहीतर मानवत-गंगाखेडला एखादे घर किंवा प्लॉट घ्यावा. त्यात वावगे काहीच नाही. पण बेण्याचा डोळा न् डोळा तपासणारा, काट्यावरची वजनपावती दोनदा वाचणारा आपला शेतकरी घराच्या सौद्यात एजंटाच्या तोंडी शब्दावर इसार देऊन मोकळा होतो, हे आम्हाला वारंवार दिसते. ऊस बिघडला तर एका हंगामाचे नुकसान होते. घराचा कागद बिघडला तर पाच-सात हंगामांचे बिल जाते आणि वर कोर्टाच्या तारखा मागे लागतात. म्हणून या अंकात थोडे या विषयावर.

पहिला गैरसमज असा, की ‘रजिस्ट्री झाली, आता मी मालक’. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 आणि नोंदणी कायदा 1908 यांप्रमाणे शंभर रुपये व त्यावरील किमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या खरेदीखतानेच होते, हे खरे. पण दुय्यम निबंधक मुख्यतः एवढेच पाहतो, की सही करणारा माणूस तोच आहे का, सही त्याने कबूल केली का, मुद्रांक पुरेसा आहे का. विकणाऱ्याची मालकी खरी की खोटी याचा निवाडा करणे हे त्याचे काम नव्हे. तामिळनाडूच्या एका प्रकरणात 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. थोडक्यात, ज्याची मालकी नाही त्यानेही रजिस्ट्री करून दिली असे होऊ शकते, आणि त्याच्याकडे जे नव्हते ते आपल्याकडेही येत नाही.

इंग्लंडात जमिनीच्या नोंदवहीला सरकारची हमी असते, तरीसुद्धा तिथे घर घेणारा आपला वेगळा सॉलिसिटर लावतो आणि विकणारा आपला वेगळा. मुंबईतही सॉलिसिटर पेढ्यांची जुनी चाल आहे. आपल्याकडे हेच काम दिवाणी बाजूचे वकील करतात. आपल्याकडे हमी नाही आणि वकीलही लावत नाहीत, असा दुहेरी उघडा व्यवहार चालतो. बहुतेक वेळा एजंट सांगेल तो बाँड रायटर दोन्ही बाजूंचा कागद लिहून देतो. तो अक्षर चांगले काढील, मजकूरही बरोबर घालील, पण मालकी तपासण्याचे पैसे त्याला कुणी दिलेले नसतात.

दुसरा गैरसमज सातबाऱ्याचा. सातबारा, फेरफार, ग्रामपंचायतीचा नमुना 8, महापालिकेची करपावती, हे सारे कागद मुळात महसूल आणि कर वसुलीसाठीचे आहेत. त्यावर नाव आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही, असे न्यायालयांनी किती वेळा सांगितले याची मोजदाद नाही. हे कागद धागा दाखवतात. तो धागा धरून मागे जायचे काम वकिलाचे.

मागे म्हणजे किती? निदान 30 वर्षे, अशी वकिलांची रीत आहे. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला 30 वर्षांची मुदत आहे, सरकारच्या दाव्यालाही तेवढीच. म्हणून वकील निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक 2 ची वर्षवार पाने चाळतो, त्या मिळकतीवर कुठली विक्री, गहाण, बक्षीसपत्र झाले ते काढतो आणि शोध अहवाल लिहून देतो. कोर्टात दावा चालू आहे का तेही बघतो, कारण दावा चालू असताना घेतलेली मिळकत निकालाला बांधलेली राहते.

आपल्या परभणी जिल्ह्यात मात्र 30 वर्षांवर थांबून भागत नाही. सप्टेंबर 1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. जुने कागद उर्दूत आहेत, जमिनीचे कायदेही पश्चिम महाराष्ट्राहून निराळे आहेत. 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्याने कुळाला मिळालेली जमीन, 1954 च्या इनाम निर्मूलन कायद्याखाली आलेली मदतमाश जमीन, देवस्थानाच्या किंवा दर्गा-मशिदीच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश जमीन, असे प्रकार शहराच्या कडेच्या ले-आउटखालीही निघतात. खिदमतमाश जमीन ही त्या सेवेसाठी असते. वहिवाट करणाऱ्याला ती स्वतःची म्हणून विकता येत नाही, मग वर कितीही सुंदर प्लॉट पाडलेले असोत. म्हणून जाणता वकील 1954-55 चे खासरा पत्रक मागतो आणि तिथून आजपर्यंतचे फेरफार ओळीने लावतो. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ दिसले, तर परवानगी वा नजराण्याचा प्रश्न मिटल्याशिवाय पुढे जाऊ नये. प्लॉट असेल तर अकृषिक आदेश आणि मंजूर नकाशा पाहिजे. ‘गुंठेवारीत होऊन जाईल’ हे एजंटाचे बोल. झाले असेल तर त्याचा कागद दाखव म्हणावे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट, बहिणींची. गावातले वडिलार्जित घर किंवा शेत भाऊ विकतात, बहिणीला विचारतही नाहीत. ‘तिच्या लग्नात खर्च केला की’ असे वर म्हणतात. कायदा तसे म्हणत नाही. महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क दिला. वडील त्या तारखेला हयात नसले तरी हा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला सांगितले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व विक्री तेवढ्या सुटतात. मुस्लिम कायद्यात तर मुलीचा वाटा पहिल्यापासूनच आहे. तेव्हा घेणाऱ्याने वारसांची पूर्ण वंशावळ मागावी, त्यात मुलींची नावे आहेत का पाहावे, आणि बहिणीची सही खरेदीखतावरच घ्यावी, नाहीतर तिचे नोंदलेले हक्कसोडपत्र पाहावे. वहीच्या पानावरची संमती किंवा राखीपौर्णिमेचा शब्द उद्या कोर्टात उभा राहत नाही. विकणाऱ्या भावांनाही आमचे सांगणे आहे: बहिणीचा वाटा तिला देऊन किंवा तिच्या राजीखुशीने व्यवहार करा. अज्ञान मुलाच्या मालकीची मिळकत असेल, तर पालकाला कोर्टाची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर मूल सज्ञान झाल्यावर व्यवहार मोडू शकते.

सभासदांसाठी एक खास मुद्दा. पीककर्ज घेताना आपण सोसायटीला इकरार लिहून देतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 48 प्रमाणे त्या मिळकतीवर सोसायटीचा बोजा बसतो आणि कर्ज फिटण्याआधी या कलमाविरुद्ध केलेले हस्तांतरण रद्दबातल ठरते. तेव्हा जमीन विकून घर घेण्याचा बेत असेल, तर आधी सोसायटीचा व बँकेचा बेबाकी दाखला घ्या आणि इतर हक्कातला बोजा कमी करून घ्या. घर घेताना महापालिकेची घरपट्टी आणि महावितरणची बाकीही विचारावी.

विकणाऱ्याला वकील कशाला, असे काहीजण विचारतात. सुरतकडच्या एका शेतकरी कुटुंबाची हकीगत ऐका. 2009 साली सुमारे पावणेदोन कोटींना त्यांनी जमिनीचे खरेदीखत करून दिले. रक्कम 36 धनादेशांनी मिळाल्याचे खतात लिहिले होते. त्यांचे म्हणणे असे, की हाती आले फक्त 40,000. पाच वर्षांनी दावा लावला. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने तो दावा सुरुवातीलाच फेटाळलेला कायम ठेवला. मुदत गेली होती, आणि किंमत राहिली म्हणून नोंदलेली विक्री रद्द होत नाही. राहिलेल्या रकमेसाठी वसुलीचा मार्ग तेवढा असतो. म्हणून ‘पूर्ण रक्कम पावली’ या वाक्याखाली सही करण्याआधी रक्कम खात्यावर आली का ते बँकेतून पाहावे. घराच्या सौद्यात 20,000 वा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, हेही ध्यानात असू द्या.

वकील गाठायचा तो इसार देण्याच्या आधी. बहुतेक मंडळी इसार देऊन, रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी वकिलाकडे जातात. तेव्हा तो दोष दाखवील, पण पैसे अडकलेले असतात. इसारपावतीने मालकी येत नाही, सौदा पुरा करून घेण्याचा हक्क तेवढा मिळतो आणि त्याचा दावाही तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. म्हणून इसारपावतीतच लिहून घ्यावे, की मालकी निर्वेध न निघाल्यास इसार परत. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्यात. वकील एजंटाने सुचवलेला नको आणि विकणाऱ्याचाही नको. फी आधी ठरवा, शोध अहवाल लेखी व सहीनिशी मागा.

रजिस्ट्रीनंतर मूळ खत आणि सूची 2 ची प्रत घरी ठेवावी. फेरफार मंजूर झाला का ते तलाठी कार्यालयात, किंवा शहरात नगर भूमापन कार्यालयात, स्वतः जाऊन पाहावे. गावठाणातल्या घरासाठी 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते. आपल्या गावची झाली असेल, तर पत्रिकेवर सर्व वारसांची नावे आली का, हे या पावसाळ्याआधी तपासून घ्यावे.